पक्क्या शिवणीचे विश्वासराव

बेंगळूरच्या जे. सी. रोडवर गाडीला काय वाट्टेल ते मिळतं. नवी कोरी गाडी शोरूममधून निघाली की घरी जायच्या आधी इकडे वळते, नव्या नवरीला बांगड्या भरायला न्यावं तशी. कुणी पायाखालच्या चटया घालून घेतो, कुणी हॉर्न बदलतो, आणि ज्याला सीट कव्हर शिवायचंय आणि देवाने थोडीफार अक्कल दिलीय, तो मागच्या गल्लीत विश्वासरावांचं दुकान विचारत येतो.

दुकान कसलं, टायरवाला आणि हॉर्नवाला यांच्या मधे राहिलेली फट म्हणा. आत दोन शिलाई मशिनं. एकावर विश्वासराव, दुसऱ्यावर त्यांची बायको सोयराबाई. भिंतीवर खिळ्यांना तपकिरी कागदाचे खाके टांगलेले, एकेका गाडीचा एकेक जुडगा. बाजारात नवं मॉडेल आलं की महिन्याभरात त्याचा खाका या भिंतीवर लागायचाच. विश्वासरावांनी आयुष्यात स्वतःची गाडी घेतली नाही, पण तीस वर्षांत असं एकही छोटं मॉडेल निघालं नसेल ज्याच्या सीटवर त्यांनी गुडघे टेकले नाहीत.

घराणं जुनं. साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं, खोगिरं शिवणारं. पणजोबांच्या पणजोबांनी नेमकं कुठल्या सरदाराच्या घोड्याचं खोगीर शिवलं याबद्दल घरात तीन कथा आहेत, आणि तिन्ही विश्वासरावांनीच वेगवेगळ्या लग्नांत सांगितलेल्या आहेत. ते सोडा. खोगिरावरून हे लोक घोडागाडीच्या गाद्यांवर आले, तिथून मोटारीच्या सीटवर. घरातल्या मराठीत निम्मी कन्नड शिरली, टाका मात्र तोच राहिला. मेण चोळलेला जाड दोरा, दोन सुया, दोन्हीकडून आवळलेला. बाकी सीट मशीनवर, पण जिथे ताण येतो तिथे, म्हणजे पाठीच्या दोन्ही कडांना, विश्वासराव हाताने हा खोगीर-टाका घालायचे.

काम झालं की गिऱ्हाइकाला म्हणायचे, "ओढून बघा. दोन्ही हातांनी ओढा, लाजू नका. सीट फाटेल, शिवण नाही फाटायची."

आणि खरंच नाही फाटायची. गाडी भंगारात जायची, पण कव्हर शाबूत. गल्लीत कुणाचं भांडण मिटत नसलं की लोक म्हणायचे, विश्वासरावांची शिवण आहे ही, सुटायची नाही. एवढ्या कौतुकाने माणूस फुगणार नाही तर काय! विश्वासरावही फुगले होते. दिसायला सुपारीएवढा माणूस, पण कामाबद्दल बोलायला लागला की गल्ली अपुरी पडायची.

त्यांची दुसरी खोड म्हणजे नेटकेपणा. कव्हरातून दोरा लोंबलेला दिसला तर त्यांना जेवण जायचं नाही. कंपनीच्या सीटवर कुठे कापडी बिल्ला बाहेर आलेला असेल, तर "किमतीची चिठ्ठी काढायला विसरले बघ" असं पुटपुटत तो आत दुमडायचे आणि वरून टाका घालायचे. सोयराबाई म्हणायच्या, "अहो, त्या कंपनीवाल्यांनी काहीतरी विचार करूनच लावला असेल ना?" त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "कंपनीवाल्यांना शिवण कळते होय?"

तर अशा माणसाच्या घरात गाडी घ्यायचं ठरलं. म्हणजे लेकीच्या घरात. लेक भूमिका महादेवपुऱ्यात एका कंपनीत कामाला, जावई गिरीराजही तिकडेच, राहायला मारतहळ्ळीत. पाच वर्षं दोघं स्कूटरवर त्या रिंग रोडचा धूर खात होते. आता छोटी गाडी घेऊ म्हणाले. बेस मॉडेल, म्हणजे सगळ्यांत खालचं, सगळ्यांत साधं.

गिरीराज हा मुलगा भला, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायची सवय. लग्नाच्या आधी मुलींचाही केला असेल, असं सोयराबाईंचं मत. त्याने फोनवर तीन गाड्यांचा तक्ता केला होता. डावीकडे दिवे, चाकं, काचा, समोरचा टीव्हीसारखा पडदा, वायपर, एअरबॅगा, पट्टे, आणि समोर तीन रकान्यांत बरोबरच्या खुणा आणि फुल्या.

"मामा, तुम्ही पण चला," तो विश्वासरावांना म्हणाला. "सीटचं तुम्हाला जेवढं कळतं तेवढं कुणाला कळतं?"

एवढं म्हटल्यावर विश्वासराव इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

पहिल्या शोरूममधली गाडी लाल होती आणि तिचं तोंड रागावलेलं होतं. हल्ली सगळ्याच गाड्यांना भुवया आल्यात, दिव्यांच्या वरती पांढरी बारीक रेघ, आणि त्या भुवया कायम आक्रसलेल्या. विश्वासराव तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "हिचं काय बिघडलंय?" भूमिका हसायला लागली. गाडी दिसायला झोकदार होती, चाकांवर काळ्या प्लास्टिकची कमान, मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्याची पट्टी. पण विचारायला गेलं की कळायचं, ही पट्टी पेटते ती वरच्या मॉडेलला, बेसला नुसतंच लाल प्लास्टिक. मागच्या काचा हाताने फिरवायच्या. मागच्या सीटला डोकं टेकायला उशी नाही, पाठच उंच करून ठेवलेली.

"नाकापेक्षा मोती जड," विश्वासराव म्हणाले आणि खाली गुडघ्यांवर बसले.

त्यांची गाडी बघायची रीत ही अशी. लोक समोरून बघतात, हे दार उघडून गुडघे टेकतात. सीट आणि पाठ यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घालतात. फोम चिमटीत धरून सोडतात आणि किती वेळात फुगतो ते बघतात. नखाने इंचाला किती टाके आहेत ते मोजतात. कंपनीने पैसा कुठे वाचवला हे सीटचा मागचा भाग सांगतो असं त्यांचं म्हणणं, कारण समोरून सगळेच गोरे असतात.

दुसऱ्या शोरूममधली गाडी निळी, गोल, बाळसेदार. तिच्यात चारही काचा बटणावर, मागे वायपर, मोठा पडदासुद्धा. गिरीराजच्या रकान्यात धडाधड बरोबरच्या खुणा पडायला लागल्या. पण मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याला पट्टा कमरेपुरताच, आणि डिकी एवढीशी की सोयराबाईंची लोणच्याची बरणी ठेवली तर झाकण लागायचं नाही. भूमिका मात्र त्या निळ्या रंगावर भाळली होती. आरशाजवळून हलेना.

तिसरी गाडी होती हेब्बाळच्या बाजूच्या शोरूममध्ये. पांढरी, चौकोनी, चेहऱ्याने अगदी शाळेच्या बाईंसारखी. चाकांना झाकणसुद्धा नाही, काळं लोखंड उघडं. पडदा नाही, त्या जागी काळी रिकामी पाटी. गिरीराजने कपाळाला हात लावला. "इथे तर फुल्याच फुल्या आहेत," तो म्हणाला.

ही गाडी दाखवणारी मुलगी संयोगिता निपाणीची निघाली. मराठी ऐकून तिचा चेहरा खुलला. "दादा, फुल्या मोजू नका," ती म्हणाली, "खुणा कशावर आहेत ते बघा. सहा एअरबॅगा, पाची जणांना खांद्यावरून पट्टा, लहान मुलाची सीट अडकवायला कड्या. हे सगळं बेसला. स्टँडर्ड."

विश्वासरावांचं लक्ष नव्हतं. ते नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या सीटपाशी गुडघ्यांवर होते. टाके बारीक, फोम दमदार. त्यांना गाडी आवडायला लागली होती. मग पाठीच्या बाहेरच्या कडेला, दाराच्या बाजूला, त्यांना तो बिल्ला दिसला. बोटभर कापड, शिवणीतून बाहेर डोकावणारं.

"एवढं छान काम करतात आणि ही चिठ्ठी तशीच ठेवतात," ते म्हणाले. "मी तर आत दुमडून वरून खोगीर-टाका मारतो. दिसतसुद्धा नाही."

संयोगिताचं हसू मावळलं. "काका, तुम्ही कव्हर शिवता?"

"तीस वर्षं."

"आणि त्या बिल्ल्यावर टाका मारता?"

"पक्का. ओढून दाखव."

ती त्यांच्या शेजारी खाली बसली. साडीची, पोझिशनची पर्वा न करता त्यांच्यासारखीच गुडघ्यांवर बसली. तिने बिल्ला सरळ करून दाखवला. त्यावर इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता, "एअरबॅग", आणि तो वाचण्याइतकं इंग्रजी विश्वासरावांना येत होतं. इतके दिवस त्यांनी तो वाचलाच नव्हता.

"काका, याच्या आत पिशवी आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "घडी घालून ठेवलेली. बाजूने धडक बसली की ती इथून बाहेर येते, माणूस आणि दार यांच्या मधे. ही कंपनीची शिवण मुद्दाम कच्ची ठेवलेली असते, पिशवीच्या जोराने फाटावी म्हणून. वरून कुणी पक्की शिवण घातली तर पिशवी आतच अडकते."

"पण हे मोठ्या गाड्यांना असतं," विश्वासराव म्हणाले. "वरच्या मॉडेलला."

"पूर्वी. आता बेसलासुद्धा."

घोळ इथेच झाला होता. वरच्या मॉडेलला कव्हर कंपनीतूनच चांगलं येतं, तो माणूस जे. सी. रोडच्या मागच्या गल्लीत कशाला तडफडतोय? विश्वासरावांकडे येतो तो बेसवाला, आणि त्याच्या सीटमध्ये तीस वर्षं फोम आणि स्प्रिंगा यांशिवाय काही नव्हतं. गेल्या दीड-दोन वर्षांत त्या साध्या, उघड्या चाकांच्या गाड्यांच्या पोटात कुणीतरी हा जीव वाचवणारा पसारा गुपचूप भरून ठेवला, आणि यांनी त्याचं तोंड शिवून टाकलं. दोन सुयांनी, दोन्हीकडून आवळून.

 विश्वासरावांना उठताच येईना. गिरीराजने आणि संयोगिताने दोन्ही काखांत हात घालून त्यांना सोफ्यावर बसवलं.

"दाखव मला," ते जावयाला म्हणाले. "ती कशी बाहेर येते ते फोनवर असेल ना?"

गिरीराजने शोधून दिलं. एका मोठ्या पांढऱ्या खोलीत एक छोटी गाडी उभी, आत माणसाएवढा बाहुला. बाजूने लोखंडी ठोकळा येतो आणि दार आत घुसतं. सगळं अगदी सावकाश केलेलं, तरी पहिल्या वेळी विश्वासरावांना काही कळलंच नाही. दुसऱ्यांदा त्यांनी फक्त सीटची कड बघितली. शिवण वरून खाली उलगडत गेली, एकेक टाका आपापल्या पाळीने सुटला, आणि आतून पांढरी पिशवी फुगत आली, बाहुल्याच्या बरगडीला लागून बसली. दार तिच्यावर येऊन आदळलं.

"खऱ्यात याला किती वेळ लागतो?"

"मामा, डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं हे."

त्यांनी ते आणखी दहा-बारा वेळा बघितलं. भूमिकाने पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं. त्यांची भीती कुठे गेली नव्हती, पण तिच्यावर दुसरंच काहीतरी चढत होतं. त्या पिशवीलाही शिवण होती! कडेने गोल फिरलेली, दुहेरी. एवढ्या जोराने हवा भरली तरी एक टाका हलला नव्हता. म्हणजे कुठेतरी कुणीतरी मशीनवर बसून आतली शिवण मरेस्तोवर न सुटणारी घातली, आणि तिच्यावर बोटभर अंतरावर दुसरी शिवण अशी घातली की वेळ आली की तिने सुटलंच पाहिजे. आणि रोज बसता-उठता, वर्षानुवर्षं, ती सुटताही कामा नये. इतका नेमका कच्चेपणा कसा शिवत असतील?

"अय्यो देवा," विश्वासराव म्हणाले, "कोण असतील रे हे शिंपी?"

साडेतीनशे वर्षांच्या घराण्यात पक्कं कसं शिवायचं हे सगळ्यांनी शिकवलं होतं, कच्चं कुठे शिवायचं हे कुणीच नाही. ते उठले, त्या पांढऱ्या गाडीपाशी परत गेले, आणि देवळात उंबऱ्याला लावतात तसा त्या बिल्ल्याला हात लावून डोळ्यांना लावला. 

गाडी तीच घ्यायची ठरली. भूमिकाने निळ्या रंगाचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आल्या आल्या विश्वासरावांनी पत्र्याचा डबा काढला. कव्हर शिवून झालं की त्याच रेक्झिनचा टीचभर तुकडा ते या डब्यात टाकायचे, मागे गिऱ्हाइकाचा फोन नंबर आणि गाडीचं नाव, म्हणजे पुढेमागे दुरुस्ती आली तर रंग जुळवता येतो. त्यांनी डबा उपडा केला आणि पिशवीवाल्या गाड्यांचे तुकडे वेगळे काढले. चौदा निघाले.

सोयराबाई ऐकून घेत होत्या. त्यांनी काही बोलावं, निदान "मी सांगत होते" एवढं तरी म्हणावं, म्हणून विश्वासराव थांबले होते. त्या तुकड्यांमागचे नंबर वाचत होत्या.

"चौदा गाड्या, सोयरा. प्रत्येकीत दोन सीटा. अठ्ठावीस ठिकाणी मी..." त्यांनी तुकडे पुन्हा मोजले. "कुणी मेलं असेल का गं?"

"ते मला काय माहीत?" सोयराबाई म्हणाल्या. "रडायला नंतर वेळ आहे. आधी फोन लावा. मी कात्रीला धार लावून आणते."

त्यांनी फोन लावले. आता, तुम्हीच सांगा, एखाद्या माणसाला फोन येतो की दीड वर्षापूर्वी घातलेलं कव्हर फुकट उसवून देतो, ताबडतोब या. कोण विश्वास ठेवील? दोघांनी फसवणुकीचा फोन समजून शिव्या घातल्या. एकाने विचारलं, नवं गिऱ्हाईक मिळवायची ही नवी युक्ती का? एक म्हातारे गृहस्थ कळवळून म्हणाले, "नको हो, एवढं सुंदर काम फाडायचं?" विश्वासराव प्रत्येकाला एकच सांगत होते, "माझं चुकलंय. माझ्या चुकीने तुमचा जीव जाऊ शकतो." साठीच्या माणसाला हे वाक्य तेरा वेळा म्हणायला लागणं काय असतं, ते ज्याचं त्याने समजावं. तिसऱ्या-चौथ्या फोनपर्यंत त्यांची जीभ अडखळत होती, मग अडखळायची थांबली.

आठवड्याभरात नऊ गाड्या आल्या. जे आले नाहीत त्यांच्याकडे हे गेले. मारतहळ्ळीत एका इमारतीच्या तळघरात, साहेब वर मीटिंगमध्ये, आणि विश्वासराव खाली त्यांच्या गाडीत गुडघे टेकून आपलाच टाका कापताहेत. तो कापणं सोपं नव्हतं. पातं घसरायचं, बोटं सोलायची. आपण काय घट्ट शिवत होतो, हे त्यांना पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूने कळत होतं. एकेक टाका तुटला की त्यांना हायसं वाटायचं. पाठीची ती अख्खी कड त्यांनी मोकळी ठेवली, नुसती खिडकी. कडा दुमडून घेतल्या आणि बिल्ला बाहेर काढून सरळ केला. नवी काही शिवण त्या जागी घालायची नाही, हे संयोगिताने फोनवर तीनदा बजावलं होतं.

दोन आठवड्यांत तेरा झाल्या. चौदावी लागेना.

तुकडा राखाडी होता, त्याच्या कडेला मरून पायपिंगचा गोट. मागे नाव शिवलीला, आणि खाली "हेब्बाळ, तळं". फोन बंद. सकाळी बंद, दुपारी बंद, आठवडाभर बंद. विश्वासरावांना ती बाई आठवत होती. पस्तिशीची, कॉलेजात शिकवणारी, सीमेकडची म्हणून मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी. कव्हर होईपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून गाडीबरोबर आलेलं जाड पुस्तक वाचत होती. गाड्यांसोबत ते पुस्तक येतं हे विश्वासरावांना ठाऊक होतं, पण ते वाचणारं माणूस त्यांनी आयुष्यात तेवढंच बघितलं. "ओढून बघा," ते तिलाही म्हणाले होते. तिने ओढलं होतं आणि "छान आहे, काका" म्हणाली होती.

ते रविवारी हेब्बाळला गेले. तळ्याच्या मागच्या गल्ल्यांतून प्रत्येक उभ्या गाडीच्या काचेला नाक लावत हिंडले. राखाडी आणि मरून कुठेच नव्हतं. दोन वॉचमननी हटकलं, एकाने काठी आपटली. "अण्णा, स्वल्प थांब, मी चोर नाही," असं समजावत ते पुढे गेले. जीव टांगणीला लागला होता. दुपार कलली तेव्हा एका कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने हात थांबवून विचारलं, "कोण, कॉलेजवाल्या अक्का? पांढरी गाडी? अहो, तिला तर टेंपोने ठोकलं. बाजूने. तीन आठवडे झाले."

विश्वासराव त्याच्या बाकड्यावर बसले.  घर कुठलं ते इस्त्रीवाल्याने दाखवलं, हिरवं फाटक, पहिला मजला. पुढचं विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. त्या वीस पायऱ्या ते कसे चढले देव जाणे. घंटा वाजवली आणि दाराकडे बघवेना म्हणून स्वतःच्या चपलांकडे बघत उभे राहिले.

दार उघडलं. "काका? तुम्ही इथे कसे?"

ती शिवलीलाच होती. उजवा हात झोळीत, गालावर खरचटल्याचा डाग, बाकी धडधाकट. तिचा फोन त्या अपघातातच फुटला होता आणि नवा नंबर अजून कुणाला कळवलेला नव्हता, एवढंच. विश्वासरावांचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच उंबऱ्याबाहेर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. बिल्ला, टाका, चौदा तुकडे, सगळं. "तू वाचलीस ते देवाच्या कृपेने," ते म्हणाले. "मी तर सगळा बंदोबस्त करून ठेवला होता."

 शिवलीलाचा चेहरा असा झाला होता की जणू चोरी तिचीच पकडली गेलीय.

"चला," ती म्हणाली, "तुम्हाला गाडी दाखवते."

गाडी दोन गल्ल्या पलीकडे गॅरेजच्या अंगणात उभी होती. उजव्या बाजूचं दार असं आत दबलं होतं की आत माणूस बसला होता यावर विश्वास बसू नये. विश्वासरावांनी डाव्या बाजूने आत डोकं घातलं. ड्रायव्हरच्या सीटच्या कडेतून पांढरी पिशवी बाहेर लोंबत होती, आता हवा गेलेली, वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यासारखी. तिच्या कडेची दुहेरी शिवण जागच्या जागी होती. ती त्यांनी बोटाने चाचपली, प्रत्यक्ष, पहिल्यांदा. मग त्यांची नजर राखाडी कव्हरावर गेली.

त्यांचा खोगीर-टाका तिथे नव्हता. फाटलेलाही नव्हता. तो कुणीतरी ब्लेडने वरपासून खालपर्यंत कापून काढला होता, आणि दोन्ही उघड्या कडा वेगवेगळ्या दुमडून साध्या घरगुती दोऱ्याने शिवल्या होत्या. एक टाका लांब, एक आखूड, मधेच गाठ. आठवीतल्या पोरीने शिवणाच्या तासाला घालावेत असे टाके.

"दुसऱ्याच दिवशी कापलं, काका," शिवलीला मागून म्हणाली. "पुस्तकात लिहिलं होतं. गाडी घेताना चार महिने मी तेवढ्याचसाठी हिंडले होते, कमी किमतीत बाजूच्या पिशव्या कोण देतो म्हणून. पण तुम्ही एवढ्या हौसेने ओढून बघा म्हणत होतात... मला सांगवलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी घरी जाऊन गुपचूप कापलं." तिने झोळीतला हात सावरला. "मी तेव्हाच सांगितलं असतं तर बाकीच्या तेरा गाड्या दीड वर्ष तशा फिरल्या नसत्या. माझंही चुकलंच."

विश्वासराव त्या वेड्यावाकड्या टाक्यांवरून बोट फिरवत होते. दीड वर्षापूर्वी एखाद्या बाईने पायरीवर बसून सांगितलं असतं की काका, तुमची शिवण चुकीची आहे, तर आपण काय केलं असतं हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं, अक्का," ते म्हणाले. "मी तुलाच वर शिवण शिकवली असती."

त्यांनी दोन्ही हात जोडले. ती "काका, काका" म्हणत राहिली, पण ते ऐकेनात. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सोयराबाई होत्या.

"लागली का ती चौदावी?"

"लागली," विश्वासराव म्हणाले. "बाई जिवंत आहे, सोयरा. तिने माझं काम कापून टाकलं होतं, म्हणून जिवंत आहे."

 सोयराबाई म्हणाल्या, "तिला जेवायला बोलवा."